राणीविना पेटी: सातेरी माशांबरोबरचं एक अवघड वर्ष

भोर तालुक्याच्या पश्चिमेला, घाटाच्या पायथ्याशी, परसात सातेरी माशांच्या (पेटीत पाळल्या जाणाऱ्या देशी मधमाश्या) चार पेट्या आहेत. प्रत्येकीच्या खालच्या कोठीत पोळं धरणाऱ्या आठ लाकडी चौकटी, वर मधकोठी. जून २०२४ ते मे २०२५ या एका वर्षात त्यांतल्या तीन पेट्या कधी ना कधी राणीविना राहिल्या. वहीतल्या नोंदी समोर ठेवून हे लिहितो आहे. राणीच्या बाबतीत नुकसान तारखांच्या हिशेबात होतं, आणि माझंही तिथेच झालं.

१२ ऑगस्टला पावसाने उघडीप दिली म्हणून दोन नंबरची पेटी उघडली. अंडी, अळ्या, बंद पिलावा (मेणाच्या झाकणाखाली वाढणारी पिल्लं), सगळं व्यवस्थित होतं. २० तारखेला साखरेचा पाक द्यायला झाकण काढलं, तर आतला आवाज बदललेला. एकसुरी गुणगुण नव्हती, कण्हल्यासारखा चढउतार होता. अंडं एकही नाही. मोठ्या अळ्या, बंद पिलावा, आणि पोळ्याच्या मधोमध पाच राणीघरं (नवी राणी वाढवायची घरं), तोंडं बंद झालेली. वसाहत फुटायच्या बेतात असते तेव्हा राणीघरं पोळ्याच्या खालच्या कडेला लोंबतात. मधोमध, कामकरी माशीचंच घर लांबवून केलेलं राणीघर म्हणजे राणी अचानक गेली.

सातेरीची राणी अंड्यापासून साधारण सोळा दिवसांत बाहेर येते: तीन दिवस अंडं, पाच दिवस अळी, उरलेले दिवस बंद घरात. कोवळ्यात कोवळ्या अळीपासून राणी करायला घेतली, तर चार-पाच दिवसांत ते घर बंद होतं. म्हणजे राणी १२ तारखेच्या आसपास गेली. त्या दिवशी मी थेट मधली चौकट उपसली होती. चौकटी दाटीने बसलेल्या असताना मधली ओढली की दोन पोळ्यांमध्ये माश्या भरडतात, आणि राणी असते ती मधल्याच पोळ्यांवर. आता कडेची चौकट आधी बाहेर काढतो, त्या जागेत बाकीच्या एकेक करून सरकवतो, मग वर उचलतो.

खरी चूक याच्या पुढची. राणीघरं दिसली म्हणून निश्चिंत राहिलो. राणी बाहेर आलीसुद्धा, २५ ऑगस्टच्या सुमारास. पण कुमारी राणीला मिलनासाठी उडायला कोरडी, उबदार दुपार लागते आणि हवेत वयात आलेले नर लागतात. पावसाळ्यात खाद्य आटलं की कामकरी नरांना पेटीबाहेर काढतात. अंड्यापासून नर व्हायला चोवीस दिवस आणि वयात यायला आणखी दहा-बारा. म्हणजे आज नराचं अंडं पडलं तर तो पाच आठवड्यांनी उपयोगाचा. माझ्या चारही पेट्यांत तेव्हा नर नव्हते.

२४ सप्टेंबरला त्या पेटीत अंडी दिसली. एका घरात एक, बरोबर तळाशी. मला आनंद झाला, तो दहा दिवस टिकला. ४ ऑक्टोबरला झाकणं पाहिली तर कामकऱ्यांच्या लहान घरांवर घुमटासारखी फुगलेली. मिलन न झालेल्या राणीची अंडी फलित नसतात, त्यांतून फक्त नर निघतात. तोवर शेवटची कामकरी जन्मून महिना उलटला होता, माश्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. ५ तारखेला ती राणी काढली आणि अंधार पडताना पेटी एक नंबरवर जोडली: खाली राणीची पेटी, वर वर्तमानपत्राचा एकच कागद, त्याला खिळ्याने पाच-सहा बारीक भोकं, त्यावर राणी नसलेली कोठी. माश्या कागद कुरतडेपर्यंत दोन्हींचा वास एक होतो आणि मारामारी होत नाही. तिसऱ्या दिवशी तळपाटावर, म्हणजे पेटीच्या तळाच्या फळीवर, कागदाचा भुगा होता. हेच २० ऑगस्टला केलं असतं तर तरण्या माश्या हाताशी राहिल्या असत्या. नर नसतील त्या दिवसांत राणी गेली, तर माझ्या मते राणीघरांची वाट पाहूच नये, पेटी लगेच जोडून टाकावी.

या गडबडीत चार नंबरकडे दुर्लक्ष झालं. सप्टेंबरअखेर ती उघडली तेव्हा एकेका घरात तीन-तीन, चार-चार अंडी, बरीचशी घराच्या भिंतीला चिकटलेली. कामकरीचं पोट आखूड, तळापर्यंत पोचत नाही, म्हणून अंडं भिंतीला लागतं. सातेरीत हा प्रकार फार लवकर सुरू होतो. राणी आणि उघडा पिलावा दोन्ही संपले की थोड्याच दिवसांत कामकरी अंडी घालू लागतात. (नवी राणीही पहिले काही दिवस एका घरात दोन अंडी घालते, पण ती तळाशी असतात आणि आठवड्यात प्रकार थांबतो. घाईने तिला मारू नये.)

तीन नंबरची राणी उत्तम होती. तिथली अंड्यांची चौकट चार नंबरला दिली. तिसऱ्या दिवशी बरीच अंडी गायब, राणीघर एकही नाही. दुसरी चौकट दिली, तेच झालं. अंडी घालणाऱ्या कामकऱ्या असल्या की वसाहत स्वतःला राणी आहे असंच समजते. अशा पेटीत विकतची राणी घालणं म्हणजे तिला मरायला पाठवणं. माश्या तिच्याभोवती गोळा करून तिला कोंडून मारतात. ९ ऑक्टोबरला सकाळी पेटी शंभर पावलांवर नेली, एकेक चौकट गवतावर झटकली आणि जुनी जागा मोकळी ठेवली. उडत्या माश्या शेजारच्या पेट्यांत शिरल्या. फुलोरा चालू असल्याने पोट भरून आलेल्यांना कोणी अडवलं नाही. काळी पडलेली पोळी वितळवली, चांगली होती ती दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवली, नाहीतर मेणकिड्याने आठवड्यात जाळी केली असती.

तेव्हा उतारावरची खुरासणी फुलली होती आणि एक नंबरची पेटी भरून गेली होती. १२ ऑक्टोबरला तिच्या तळपाटावर छोट्या टोकदार टोप्या दिसल्या, मधोमध सुईएवढं भोक. ही सातेरीच्या नराच्या घराची झाकणं. ती खाली पडू लागली म्हणजे थोड्याच दिवसांत नर बाहेर येणार. फक्त तेवढ्यासाठी तळपाट दर आठवड्याला पाहण्यासारखा आहे.

१८ ऑक्टोबरला एक नंबरची वसाहत विभागली. जुनी राणी, तीन चौकटी आणि त्यांवरच्या माश्या दोन नंबरच्या रिकाम्या पेटीत. बाकी चौकटी, अंड्यांसकट, जुन्या जागी. जुन्या जागी उडत्या माश्या परततात, म्हणून तिथे खाद्य येत राहतं. दोन नंबरला साखर आणि पाणी समभाग उकळून गार केलेला पाक, रोज अंधार पडल्यावर २०० मिली, आठ दिवस. एक थेंबही बाहेर सांडू द्यायचा नाही, नाहीतर लूटमार सुरू होते. जुन्या पेटीत सात राणीघरं झाली, दोन ठेवून बाकी मोडली. २९ तारखेला एकाच्या टोकावरचं मेण माश्यांनी खरवडून काढलेलं, आतला तपकिरी कोष उघडा पडलेला. हे एक-दोन दिवसांत राणी निघण्याचं चिन्ह. ३१ ला टोकाचं झाकण डब्याच्या झाकणासारखं बिजागरीवर लोंबत होतं, म्हणजे राणी सुखरूप बाहेर. दुसरं घर बाजूने फाडलेलं, म्हणजे आतली मारली गेली.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात विजेच्या तारेवर उडत्या माश्या टिपणारे वेडे राघू बसू लागले. १६ तारखेपर्यंत अंडं नाही. राणी शोधत बसणं व्यर्थ, कुमारी राणी लहान आणि चपळ असते. त्यापेक्षा तीन नंबरची अंड्यांची चौकट दिली. राणीघरं बांधली तर राणी नाही, न बांधली तर राणी आहे, थांबावं. १९ तारखेला चार राणीघरं सुरू झालेली. उघडा पिलावा पुन्हा मिळाल्याने कामकऱ्यांनी अंडी घालण्याचा धोकाही टळला. यावेळी पेटीच्या तोंडावर निळी पट्टी लावली, आजूबाजूची भांडी हलवली नाहीत आणि ३ ते १२ डिसेंबर पेटी अजिबात उघडली नाही. बाहेरून आलेल्या राणीला पेटी ओळखता यावी एवढंच आपल्या हातात असतं. राघूंवर उपाय सापडला नाही.

१४ डिसेंबरला सकाळचं ऊन पाठीवरून चौकटीत पडेल अशी उभी धरली. घरांच्या तळाशी अंडी, काही ताठ उभी. ताठ अंडं त्याच दिवसाचं, आडवं झालेलं तिसऱ्या दिवसाचं. जानेवारीच्या सुरुवातीला झाकणं सपाट, म्हणजे कामकऱ्यांची, दिसली, तेव्हा कुठे खात्री पटली. राणीच्या पाठीवर हिरवा ठिपका दिला. ती २०२४ ची, आणि चार किंवा नऊने संपणाऱ्या वर्षाचा तोच रंग.

जांभूळ आणि हिरड्याचा मध २६ एप्रिलला काढला, एक आणि तीन नंबर मिळून सात किलो. दोन नंबरचा काढला नाही. त्याआधी २० एप्रिलला, भरपूर नर उडत असताना, तीन नंबरच्या अंड्यांच्या तीन चौकटी चार नंबरच्या पेटीत घातल्या. १४ मे रोजी तिथे अंडी दिसली. मेच्या उत्तरार्धात पाऊस लवकर लागला, तोवर ती राणी मिलन करून परतली होती. ऑगस्टमध्ये कुठली राणी गेलीच, तर या पेटीतली तयार आहे.