आमची वाटचाल : पाइप दोन एमएमचाच

मावळ, मुळशी, जुन्नर या पट्ट्यात शेडनेट आणि पॉलिहाऊस उभारून देणं हा आमचा धंदा. तळेगावच्या फ्लोरिकल्चर पार्कमुळे जरबेरा, कार्नेशन, डच गुलाब ही फुलांची नावं इथल्या शेतकऱ्यांना आधीच पाठ झाली होती. २००५ साली राष्ट्रीय फलोत्पादन अभियान आलं, अनुदान सुरू झालं आणि दहा-दहा गुंठ्यांची कामं निघू लागली. तेव्हा आमच्याकडे तीन रोलरचं हाती बेंडिंग मशीन, ड्रिल, जनरेटर आणि पाण्याची लेव्हल-ट्यूब एवढंच सामान. मोटरचं मशीन नंतर आलं, तरी आर्चचा, म्हणजे छताच्या कमानीचा, शेवटचा बाक आजही जुन्यावरच देतो. पाइप कुठं चपटायला लागलाय ते हँडल फिरवताना हाताला कळतं.

पहिली कामं शेडनेटची. उन्हाळी भाजी आणि रोपवाटिकेला ५० टक्के सावलीची जाळी, अँथुरियम-ऑर्किडला ७५ टक्क्यांची. काळी जाळी स्वतः तापते आणि खालची हवाही तापवते, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगावं लागतं. जालना, देऊळगाव राजाकडे भाजीपाल्याच्या बीजोत्पादनाला शेडनेट उत्तम चालतं, कारण तिथं ऊन, किडी आणि परका पराग अडवायचा असतो. मावळात मात्र पाऊस जाळीतून सरळ बेडवर उतरतो आणि जरबेऱ्याचा क्राउन, म्हणजे मातीलगतचा गड्डा, सडतो. म्हणून इथं २०० मायक्रॉनचा यूव्ही कागद, म्हणजे उन्हाला टिकणारा प्लॅस्टिकचा कागद, पाहिजेच, आणि त्याच्याखाली ५० टक्क्यांची सरकती शेडनेट.

मध्यंतरी फॅन-पॅडचं खूळ आलं होतं. एका बाजूला ओले सेल्युलोज पॅड, समोर मोठे एक्झॉस्ट पंखे. दोन्हींतलं अंतर ३०-३५ मीटरच्या पुढं गेलं की पंख्याकडच्या टोकाला गारवा पोचत नाही. पाणी क्षारयुक्त असेल तर पॅडवर पांढरा थर धरतो आणि हवा अडते. शिवाय एप्रिलच्या कोरड्या हवेत जेवढं थंड होतं, तेवढं जुलैच्या दमट हवेत होणारच नाही. टिश्यूकल्चर रोपांच्या हार्डनिंगला, म्हणजे प्रयोगशाळेतली रोपं बाहेरच्या हवेला सरावायला, हे ठीक आहे. दहा गुंठे जरबेरा असलेल्या शेतकऱ्यानं लोडशेडिंगच्या भागात बंद घर कशाला बांधावं? दुपारी वीज गेली की आत भट्टी. आम्ही ती कामं सोडून दिली आणि वर कायम उघडी खिडकी असलेल्या, नैसर्गिक वायुविजनाच्या घरांवर राहिलो.

पुढची दहाएक वर्षं सांगण्यासारखी नाहीत. कामं मिळाली, बिलं निघाली.

मग आमच्याच पट्ट्यात एक स्पर्धक उतरला. नाव घेत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. आमच्या कोटेशनपेक्षा चौरस मीटरला बराच कमी दर, वर 'पंधरा दिवसांत उभं' अशी हमी. शेतकरी दोन कागद शेजारी ठेवतो आणि खालचा आकडा बघतो. जमिनीखाली काय आहे ते त्या आकड्यात दिसत नाही.

काय असतं ते सांगतो. आमचा सांगाडा ८ बाय ४ मीटरच्या चौकटीवर उभा राहतो. खांब ७६ एमएमचा, फाउंडेशनचा पाइप ६० एमएमचा, दोन्हींची जाडी २ एमएम. फाउंडेशनच्या पाइपला खाली आडव्या सळया वेल्ड करायच्या आणि तो ७५ ते ९० सेंटीमीटर खोल खड्ड्यात काँक्रीटमध्ये गाडायचा. काळी जमीन असेल तर मुरूम लागेपर्यंत खाली जायचं, कारण ती फुगते, भेगाळते आणि पाइप ढिला करते. सळया कशासाठी? वारा पॉलिहाऊसला ढकलतो त्याहून जास्त उचलतो, छत्री उलटी होते तसा. सळया नसतील तर गुळगुळीत पाइप काँक्रीटमधून सरळ वर येतो.

समोरच्याचा पाइप १.६ एमएमचा असायचा आणि कोटेशनवर २ लिहिलेलं असायचं. डोळ्यांना फरक दिसत नाही, वजनकाट्याला दिसतो. ६० एमएमचा, सहा मीटर लांबीचा पाइप २ एमएम जाडीचा असेल तर सतरा किलोच्या आसपास भरतो, १.६ चा असेल तर चौदाच्या आत. गाडी उतरवताना दोन-चार पाइप काट्यावर ठेवा, कापलेल्या टोकाला जाडी मोजायचा व्हर्निअर लावा. हॉट-डिप गॅल्व्हनायझिंग, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून दिलेला थर, आतूनही आहे का तेही बघा. आतून जस्त नसेल तर जोडाची शिवण आधी गंजते, आणि गंज बाहेर दिसेपर्यंत पाइप खाऊन झालेला असतो.

आमची गिऱ्हाइकं गेली. दर उतरवा असं घरातही सुचवलं गेलं. नाही उतरवला.

त्यावर २०२० आलं. मार्चमध्ये टाळेबंदी, फुलबाजार बंद, जरबेऱ्याची फुलं तोडून बांधावर टाकायची वेळ आली. लग्नसराई बुडाली तिथं नवं पॉलिहाऊस कोण बांधतो? आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडाच्या किनाऱ्यावर येऊन घाट चढलं. त्यानंतरचे आठवडे आम्ही पडलेली घरं बघत हिंडलो, आमची आणि दुसऱ्यांचीही. बहुतेक ठिकाणी मोडतोडीचा क्रम एकच होता. वाऱ्याकडचा पडदा सुटला, वारा आत शिरला, कागद फुगला, प्रोफाइलमधली, म्हणजे कागद अडकवायच्या पट्टीतली, झिगझॅग स्प्रिंग निसटली, मग आर्च पिळले आणि शेवटी खांब. वरची खिडकी पश्चिमेला तोंड करून ठेवलेली असेल तिथं हे फार लवकर झालं. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिम-नैर्ऋत्येचा. गटर दक्षिणोत्तर आणि खिडकी पूर्वेला हवी, म्हणजे आत भरलेला दाब त्या बाजूनं निघून जातो. आणि जिथं कागद आधी फाटला तिथं सांगाडा उभा राहिला. म्हणून वादळाचा जोर हाताबाहेर जातोय असं दिसलं की विळा घेऊन खालूनच कागद कापून टाका, वर चढू नका. कागद परत येतो, सांगाडा येत नाही.

आमच्या घरांचे कागद गेले. खांब उपटले नाहीत.

पण त्यानं पोट भरत नाही. जुनी बिलं अडकलेली, २०२१ मध्ये लोखंडाचे भाव भडकलेले आणि जुन्या दरानं घेतलेली कामं अंगावर. फर्म बंद करायचा विचार पक्का होत आला होता. पवन मावळातले एक जरबेरावाले, आमच्या अगदी सुरुवातीच्या गिऱ्हाइकांपैकी, त्यांनी कागद बदलायचे सगळे पैसे आधी हातात ठेवले. म्हणाले, "दादा, पाइप तुमचा आहे, कागदही तुम्हीच टाका." त्याच पैशात रोल आले आणि त्याच रोलांवर पुढची कामं मिळाली.

त्यांच्याकडचा कागद आत्तापर्यंत दोनदा आम्हीच बदललाय आणि मुदतीपेक्षा जास्त टिकलाय. कारण साधं आहे. पाइपला जिथं कागद टेकतो तिथं ते पांढरा रंग मारून घेतात, नाहीतर तापलेल्या पाइपवर कागद त्याच रेषेत जळतो. गंधकाची फवारणी बेतानं करतात, गंधक कागदातला यूव्हीचा गुण मारतं. स्प्रिंगवरचं प्लॅस्टिक सोललं की स्प्रिंग बदलतात. आणि कागद टाकायचा तो वारा नसताना, सकाळी, ऊन कोवळं असताना. भर उन्हात ताणलेला कागद रात्री आकसतो आणि प्रोफाइलच्या कडेला फाटतो.

आता न विचारलेलं एक. पॉलिहाऊसचं कर्ज काढण्याआधी विहिरीचं पाणी तपासा. ईसी, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचं माप, १ च्या वर असेल तर फूल लहान येतं आणि मग दोष रोपांना दिला जातो. छपराचं पाणी गटरमधून शेततळ्यात घ्या. दहा गुंठ्यांवर ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर सात लाख लिटर होतात, आणि ड्रिपला त्याच्याइतकं चांगलं पाणी नाही. अनुदानाची पूर्वसंमती हातात आल्याशिवाय खड्डा मारू नका, अनुदान जातं.

हल्ली निम्मं काम कागद बदलायचं आणि दुरुस्तीचं आहे. त्यातली बरीच घरं आम्ही बांधलेली नाहीत. १.६ च्या सांगाड्यावर नवा कागद टाकून देतो, पण हमी देत नाही, आणि तसं बिलावर लिहितो.