‘वाचता येत नाही, मग गाडी कशी चालवणार?’ – माझा लायसन्सचा अनुभव

हे मी फोनवर बोलून लिहून घेतेय, शुद्धलेखन आईने तपासलंय. मला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे अक्षरं वाचायला अडचण येते. शाळेपासून आमच्याकडे सगळे त्याला ‘एलडी’च (लर्निंग डिसेबिलिटी) म्हणतात. वय २४, नागपुरात मानेवाड्याला राहते, घरी केक करून विकते. मागच्या महिन्यात चारचाकीचं पक्कं लायसन्स हातात आलं. तेव्हापासून ओळखीतल्या पाच-सहा एलडी मुलांच्या आयांनी ‘कसं केलंस गं?’ म्हणून फोन केले, म्हणून सगळं एकदाच सांगते. शिवाय आरटीओच्या खिडकीवर ऐकलेलं एक वाक्य अजून डोक्यातून गेलेलं नाही. ते वर शीर्षकात लिहिलंय.

गाडीची गरज केकमुळे पडली. नागपूरचा मे महिना, पारा ४५ च्या आसपास, आणि मानेवाड्याहून धरमपेठेत दोन मजली केक ऑटोने न्यायचा. शंकरनगर येईपर्यंत क्रीम उतरायला लागतं. घरी बाबांची जुनी वॅगनआर उभीच असते, तिला एसी आहे. बाबा म्हणाले, तूच शिक.

लर्निंग लायसन्सची परीक्षा आता आधार कार्डावर घरूनही देता येते, कॅमेरा चालू ठेवून. मी आधी तीच दिली. १५ प्रश्न, ९ बरोबर आले की पास. चिन्हं मला पाठ होती. गोल म्हणजे पाळायलाच हवं, त्रिकोण म्हणजे पुढे सावध, चौकोन म्हणजे माहिती. आकारावरून अर्थ कळतो म्हटल्यावर आमच्यासारख्यांना हा भाग सगळ्यात सोपा, म्हणून सुरुवात चिन्हांपासूनच करा. पण चिन्हांच्या मध्ये मध्ये लांब वाक्यांचे प्रश्न येतात. ‘आपले वाहन पुढे नेत असताना मागून येणाऱ्या वाहनाने...’ इथपर्यंत मी पोचते, तोवर वर उलटे मोजणारे सेकंद संपतात आणि पुढचा प्रश्न येतो. ओळ हातातून निसटते. उत्तर येत असतं, पण प्रश्नच पूर्ण कळलेला नसतो. ७ मिळाले. आई शेजारच्या खोलीत होती. ती वाचून दाखवू शकली असती, पण कॅमेऱ्यापुढे दुसऱ्याने बोलणं म्हणजे कॉपीच झाली, म्हणून मी तिला येऊ दिलं नाही.

मग ठरवलं की ऑफिसात जाऊन, सरळ सांगून, प्रश्न वाचून दाखवायला सांगायचं. दहावीला मला जादा वेळ आणि लेखनिक दोन्ही मिळाले होते. मला वाटलं, तसंच असेल. नागपुरात आरटीओची तीन कार्यालयं आहेत. माझं कोणतं ते लिहीत नाही, कारण शेवटी मदतही तिथल्याच माणसांनी केली.

पहिल्या दिवशी खिडकीवरच्या बाईंनी माझं एलडीचं सर्टिफिकेट उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, “हे शाळेचं आहे. इथे नाही चालत.” मी म्हटलं, मॅडम, फक्त प्रश्न वाचून दाखवा, उत्तर मीच देते. त्यावर त्यांनी मान वर न करता ते वाक्य म्हटलं. मागे रांगेत पंधरा-वीस माणसं होती, सगळ्यांनी ऐकलं. माझे बाबाही होते. बाबा काही बोलले नाहीत, माझ्या हातातली फाइल त्यांनी आपल्या हातात घेतली.

गाडी चालवताना माणूस काय वाचतो? सिग्नलचा रंग, चिन्हाचा आकार, समोरच्याचा ब्रेकलाइट, रस्त्यावरची पट्टी. मी हे सगळं नीट पाहते. त्या दिवशी मला हे बोलायला सुचलं नाही, आता सुचतंय.

दुसऱ्या खेपेला तिढा पडला तो फॉर्म १ वर. हे आपल्या तब्येतीचं घोषणापत्र असतं, आपणच भरायचं. फिट येते का, २५ मीटरवरची नंबरप्लेट दिवसा दिसते का, लाल-हिरवा ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, ऐकू येतं का. शेवटी एक प्रश्न आहे: तुमच्या गाडी चालवण्याने लोकांना धोका होईल असा दुसरा काही आजार किंवा अपंगत्व आहे का? तिथे मी ‘नाही’ लिहिलं होतं. खिडकीवर त्या दिवशी दुसरे गृहस्थ होते. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि बोट ठेवून दाखवलं. “दिव्यांगाचं सर्टिफिकेट जोडता आणि इथे ‘नाही’ लिहिता? दोन्हीतलं एक खोटं आहे.”

खोटं काहीच नव्हतं. प्रश्न नुसतं अपंगत्व आहे का असा नाहीच, लोकांना धोका होईल असं अपंगत्व आहे का असा आहे. एवढा फरक आईने त्यांना तीनदा समजावला. शेवटी ते म्हणाले, डॉक्टरांचा फॉर्म १-ए आणा. हा फॉर्म एरवी चाळिशीनंतर किंवा ट्रक, टॅक्सी, बसवाल्यांना लागतो. मला २४ व्या वर्षी लागला. वाद घालत बसण्यापेक्षा आणलेला बरा, असं मी ठरवलं आणि ते बरोबरच केलं. डॉक्टरांनी नजर, कान, हातपाय सगळं तपासलं आणि वेगळ्या कागदावरही लिहून दिलं की हिची अडचण अक्षर वाचण्यापुरती आहे, गाडी चालवायला त्याने बाधा नाही. तुमच्या मुलांसाठी हा वेगळा कागद पहिल्याच फेरीआधी करून घ्या. माझे तीन आठवडे यात गेले.

फॉर्म झाला, पण वाचून कोण दाखवणार हा प्रश्न तसाच. ‘साहेब मीटिंगमध्ये’, ‘साहेब दौऱ्यावर’, ‘तसा जीआर (शासन निर्णय) आणा’. एकदा तर मला सांगितलं की हिंदी निवडून पाहा, हिंदीत सोपं जातं. माझी अडचण भाषेची नाही हो, अक्षरांची आहे! त्या दिवशी मी परत येताना ऑटोत रडले, आणि त्या आठवड्याच्या दोन ऑर्डरी नाकारल्या.

मार्ग निघाला तो शाळेतल्या आमच्या स्पेशल एज्युकेटर ताईंमुळे. त्या म्हणाल्या, विनंती तोंडी करूच नकोस, कागदावर कर. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता (हीच आमची एलडी) स्पष्ट लिहिलेली आहे. म्हणजे ‘हे शाळेचं आहे’ हे म्हणणं टिकत नाही. त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये दिव्यांगांसाठी वाजवी सोय करून देण्याची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे, आणि कलम २३ प्रमाणे प्रत्येक सरकारी कार्यालयात दिव्यांगांच्या तक्रारींसाठी अधिकारी नेमलेला असायला हवा. ताईंनी मला हे दोनदा म्हणून दाखवलं, मी पाठ केलं. अर्ज आम्ही पाच ओळींचाच केला. त्यातली एक ओळ माझी होती: ‘मला वाहतुकीचे नियम येतात की नाही हे तपासा, त्यासाठी प्रश्न मला ऐकवा.’

अर्ज दिल्यावर आठव्या दिवशी फोन आला. साहेब वयाने मोठे होते. अर्ज वाचून म्हणाले, “बेटा, हे आधीच लिहून द्यायचं ना.” त्यांनी एका तरुण ऑपरेटरला माझ्या शेजारी बसवलं आणि स्वतः मागे उभे राहिले. सेकंद थांबत नाहीत, त्यामुळे तो मुलगा भराभर पण स्पष्ट वाचत होता. उत्तराचं बटण मीच दाबायचं असं त्याने आधीच बजावलं. मी डोळे मिटून ऐकायचे, पर्याय ऐकले की डोळे उघडून बटण दाबायचे. झेब्रा क्रॉसिंगवर कोणाला आधी जाऊ द्यायचं, अॅम्ब्युलन्स आली तर काय, हे सगळं मला येतच होतं. १३ आले. तो मुलगा माझ्याआधी हसला. पहिल्या परीक्षेपासून या दिवसापर्यंत चार महिने लागले होते. प्रत्यक्ष काम दहा मिनिटांचं.

पुढचं शिकणं सरळ झालं. लर्निंग ६ महिने चालतं आणि ३० दिवसांनंतर पक्की परीक्षा देता येते. मी घाई केली नाही, तीन महिने घेतले. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी निवडताना शिकवणाऱ्या सरांच्या बाजूलाही ब्रेक-क्लच आहे ना एवढं बघा. आणि पहिल्याच दिवशी त्यांना एलडी आहे हे सांगा, लपवू नका. माझा डावं-उजवं गोंधळ आहे. सर पहिल्या दिवशी ‘लेफ्ट, लेफ्ट’ ओरडत राहिले आणि मी थांबले. “मॅडम, घाबरून काहून राहिल्या?” मी सांगितलं तेव्हा त्यांनीच युक्ती काढली. डाव्या मनगटाला लाल धागा, आणि ते ‘लेफ्ट’ म्हणायच्या ऐवजी ‘धाग्याकडे’ म्हणायचे. सकाळी सहाला रेशीमबागेच्या बाजूला, मग मिहानच्या रुंद रस्त्यांवर. पक्क्या परीक्षेत आठचा आकडा एकदाच काढला आणि पास झाले. धागा तेव्हाही हातात होता.

वर्धा रोडवरचे मोठे हिरवे बोर्ड मला वेगात वाचता येत नाहीत, हे खरं आहे. त्यासाठी मॅपचा आवाज चालू ठेवते. उड्डाणपुलाआधी खाली राहायचं की वर जायचं हे निघण्यापूर्वीच ठरवते. चुकलं तर ब्रेक मारायचा नाही, पुढे जाऊन वळून यायचं. दहा मिनिटं जास्त लागली तर लागली.

अर्जाबद्दल एक राहिलं. दोन प्रती न्या, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ‘ठेवून जा, बघतो’ म्हणतात, त्यावर हलू नका. शाळेतल्या जुन्या सर्टिफिकेटवर विसंबू नका, १८ पूर्ण झाल्यावर पुन्हा तपासणी करून नवं घ्या आणि यूडीआयडी कार्डही (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढून ठेवा. माझ्या लायसन्सवर मी ४० वर्षांची होईपर्यंतची मुदत आहे. शिक्क्याची ती प्रत बाबांनी लॅमिनेट करून गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलीय. कोणाला नमुना म्हणून हवी असेल तर माझं नाव झाकून फोटो पाठवते.