आमची वाटचाल : टोप, डाय आणि एक जुना हिशेब

सोलापुरात नाटकाचे टोप, म्हणजे केसांचे विग, भाड्याने देणारी दुकानं बरीच आहेत. हव्या त्या रंगात रंगवून देणारं दुकान आमचंच. हे मी म्हणत नाही, हुतात्मा स्मृती मंदिराच्या मेकअप रूममध्ये कुणालाही विचारा.

बाळीवेशीतली ड्रेपरी, म्हणजे नाटकाचे कपडे आणि टोप भाड्याने देणारं दुकान, सासऱ्यांची. शाळांची स्नेहसंमेलनं, नवरात्रातले देखावे, हौशी मंडळींची नाटकं यांवर घर चालायचं. टोप काळे नाहीतर पांढरे. कुणी तपकिरी किंवा मेंदीचा रंग मागितला की सासरे ‘पुण्याहून मागवावा लागेल’ म्हणायचे आणि गिऱ्हाईक पायरी उतरायचं. मला ते बघवायचं नाही.

रंग शिकवला अण्णांनी. पूर्व भागातल्या डाय हाऊसमध्ये चादरीचं सूत रंगवण्यात त्यांची हयात गेली. मी त्यांच्याकडे सुताचाच रंग मागायला गेले होते. त्यांनी टोपातले दोन केस उपटले आणि काडी लावली. केस वितळून टोकाला टणक मणी झाला.

‘‘अक्का, खरा केस असता तर जळका वास आला असता, बोटात भुकटी झाली असती. हे प्लास्टिक. व्हॅट, नॅप्थॉल हे सुताचे रंग, कायबी लागत नाही ह्याला. पॉलिस्टरला लावतात तो डिस्पर्स रंग पायजे.’’

दुकानातला हेअर डायही त्यांनी निकालात काढला. तो डाय खऱ्या केसाचे खवले उघडून आत शिरतो. इथे खवलेच नाहीत. शिवाय कृत्रिम केसाचा धागा ओढतानाच बहुतेक वेळा रंग आत मिसळलेला असतो, म्हणून ब्लीच केलं तरी काळा टोप सोनेरी होत नाही. फिक्यावरून गडदाकडे जाता येतं, उलट नाही. तरी आजही लोक काळा टोप घेऊन येतात आणि ‘जरा ब्राऊन करा’ म्हणतात!

मिलमध्ये पॉलिस्टर बंद मशीनमध्ये दाबाखाली १३० अंशांना रंगवतात. माझ्याकडे स्वयंपाकघरातली शेगडी होती. मग पातेलं स्टीलचं घेतलं, कारण जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, भांड्याला ॲसिटिक ॲसिड खातं. टोप बुडून वर चार बोटं पाणी, चमचाभर ॲसिटिक, आधी गरम पाण्यात कालवून फडक्यातून गाळलेला डिस्पर्स. खळखळ उकळू द्यायचं नाही, नुसती वाफ धरलेली हवी. लाकडी उलथन्याने हळू दाबत राहायचं, ढवळायचं नाही, गुंता झाला की टोप गेला. कुरळा टोप या पाण्यात सरळ होतो, तो नंतर रिळांवर गुंडाळून, गरम पाणी घालून, गार होईपर्यंत तसाच ठेवावा लागतो. रिळं अण्णांनीच दिली, जुन्या मागावरची. अजून तीच वापरते. ते पातेलं परत भाजीला काढू नका, वेगळं ठेवा.

थोड्या भागाला किंवा नुसत्या बटेला रंग द्यायचा तर पातेलं कशाला? पर्मनंट मार्करची शाई आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये पातळ करून फवारायची, मोठ्या दातांच्या फणीने विंचरायची, वाळवायची. मात्र हे गच्चीवर. त्याची वाफ पेट घेते, जवळ गॅस नको. आणि काहीही करा, शेवटी पाणी स्वच्छ निघेपर्यंत खळबळायचं. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून लोक इथेच हात आखडतात आणि मग कपाळावर रंग उतरतो.

कपाळावर रंग उतरणं हेच आमच्या मुळावर आलं होतं. आमच्याच धंद्यातल्या एकाने आमच्याकडून पांढरे टोप भाड्याने नेले, सुताचा तपकिरी रंग वरवर फासला आणि राज्य नाट्य स्पर्धेतल्या एका संस्थेला दुप्पट भाड्याने दिले. दुसऱ्या अंकात दिव्यांच्या उकाड्याने नटाला घाम फुटला आणि पांढऱ्या अंगरख्यावर तपकिरी ओघळ आले. प्रेक्षक हसले. टोपाच्या जाळीत शिक्का कुणाचा? आमचा. त्या गृहस्थाने तोंड उघडलं नाही. उलट ‘त्यांचा रंग उतरतो’ हे टिळक चौकापर्यंत त्यानेच पोचवलं. त्या हंगामात ठरलेल्या ऑर्डरी एकेक करून तिकडे गेल्या, गड्डा यात्रेच्या दिवसांतसुद्धा आमची कपाटं भरलेली. मिस्टरांनी दुकानाची जागा विकायचं काढलं होतं.

एका शाळेच्या बाई तेवढ्या फिरल्या नाहीत. दर वर्षी शिवाजी महाराज, दर वर्षी मावळे. त्यांनी आमचा रंगवलेला टोप ओल्या पांढऱ्या रुमालात पिळला, रुमाल मुख्याध्यापकांच्या टेबलावर पसरला आणि म्हणाल्या, ‘‘सर, बघा, डाग आहे का?’’ नव्हता. त्या शाळेमागोमाग बाकीच्या शाळा परत आल्या. तेव्हापासून रुमाल पिळून दाखवल्याशिवाय आम्ही टोप देत नाही. तुम्हीही कुठून घेतलात तर हे करून बघाच, दुकानदाराला राग आला तर येऊ द्या.

पुढची वर्षं बरी गेली. कोरोनात नाट्यगृहं बंद पडली, ५ नोव्हेंबर २०२० ला निम्म्या खुर्च्यांवर उघडली, पुन्हा बंद झाली, २२ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडली. त्या काळात टोप डांबराच्या गोळ्यांत पडून होते. अण्णा त्यातच गेले.

आता ऑनलाइन टोप स्वस्त मिळतात, फोटोत एक रंग आणि हातात दुसरा. त्यामुळे आमचं रंगवायचं काम उलट वाढलं. ते गृहस्थही पाठवतात. स्वतः येत नाहीत, पोऱ्याकडे पिशवी देतात. आम्ही नाही म्हणत नाही. दर दीडपट, पैसे आधी, आणि जाळीत आमचा शिक्का मारत नाही.