कुठल्या दिवसाची यामातो?

“फोटो तर सगळे काळेपांढरे. मग रंग आणि बाकीचे बारकावे तुम्हाला कळतात कसे?” टेबलावरचं यामातो या जपानी युद्धनौकेचं १/३५० स्केलचं मॉडेल पाहून हा प्रश्न हमखास येतो. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो.

रंगाकडे मी फार उशिरा वळतो. आधी तारीख ठरवतो. १६ डिसेंबर १९४१ला जपानी नौदलात दाखल झालेली यामातो आणि ७ एप्रिल १९४५ला बुडालेली यामातो दिसायला खूप वेगळ्या. सुरुवातीला मधल्या भागात दोन्ही बाजूंना १५.५ सेंमी तोफांचा एकेक बुरूज होता. १९४४च्या सुरुवातीला ते काढून तिथे १२.७ सेंमीच्या विमानविरोधी जोडतोफा आल्या. २५ मिमीच्या तोफा तर पुढेही वाढतच गेल्या. तारीख न ठरवता जोडायला बसलं, तर समुद्रात कधीच नसलेलं जहाज तयार होतं. मी शेवटचा दिवस निवडला.

मग पुराव्यांचा शोध. हे जहाज बांधलंच मुळी कमालीच्या गुप्ततेत, आणि १९४५मध्ये शरणागतीच्या सुमारास बरीच कागदपत्रं जाळली गेली. फोटो मोजकेच. ३० ऑक्टोबर १९४१च्या चाचणीचा फोटो अतिशय देखणा आहे, पण माझ्या तारखेच्या तोफा त्यात कुठून असणार? शेवटच्या काळातले पुष्कळसे फोटो अमेरिकी विमानांतून, हल्ल्याच्या धामधुमीत काढलेले. त्यातला एकेक ठिपका म्हणजे तोफ की सावली, हे ठरवण्यात माझे आठवडे गेलेत.

नाळेवरच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरच्या, शेवंतीच्या राजचिन्हानं मला सगळ्यात जास्त शिकवलं. त्याचा व्यास १.५ मीटर असल्याचं मानलं जायचं. १९९९मध्ये समुद्रतळावरच्या अवशेषांची पाहणी झाली, तेव्हा तो १ मीटर निघाला. माझ्या स्केलला सव्वाचार मिमी आणि जेमतेम तीन मिमी, एवढाच फरक. मी तोवर मोठं फूल चिकटवून सोनेरी रंगही दिला होता. ते तासून काढलं, लहान बनवलं. लावून पाहिलं तर नाळ एकदम लांब आणि निमुळती दिसायला लागली. मोठ्या फुलानं तिची सगळी डौलदार रेषाच दाबली होती.

आता रंग. यामातो कुरेच्या गोदीत बांधलेली, म्हणून कुरेचा करडा. प्रत्येक गोदीचा करडा निराळा: सासेबोच्या गोदीचा वेगळा, माइझुरूच्या गोदीचा आणखी वेगळा. फोटोतल्या गडदपणावर मात्र विसंबू नका. त्या काळच्या काही फिल्मवर लाल रंग जवळजवळ काळा उमटे आणि निळा फिकट. मी एकाच फोटोतले शेजारशेजारचे दोन भाग ताडून बघतो, दोन वेगवेगळे फोटो कधीच नाही.

राहता राहिला डेक. शेवटच्या मोहिमेसाठी त्याचं लाकूड काळं केलं होतं का, यावर मॉडेल करणाऱ्यांत अजून एकमत नाही. ज्यांनी तो डेक पायाखाली पाहिला, त्यांतले सुमारे ३,००० जण जहाजाबरोबर गेले; वाचले ३००हून कमी. मी डेक लाकडाच्याच रंगात ठेवलाय, ऊनपावसानं करपलेला. पण त्यावरच्या छोट्या तोफा अजून चिकटवलेल्या नाहीत, नुसत्या जागेवर ठेवल्यात. एखादा स्पष्ट फोटो पुढे आला, तर त्या उचलून डेक पुन्हा रंगवता येईल.