बाहुलीची पाठ

बडोद्यातल्या मुलांना संग्रहालय म्हणजे काय, हे बहुधा कमाटीबागेतच समजते. १८९४ मध्ये बांधून पूर्ण झालेल्या त्या इमारतीत इजिप्तची ममी आणि देवमाशाचा प्रचंड सांगाडा पाहत मी मोठी झाले, आणि काचेमागे ठेवलेली वस्तू म्हणजे जिचे जगणे संपले आहे अशी वस्तू, ही समजूत माझ्या मनात तेव्हापासून घट्ट बसली. ममीच्या बाबतीत ती बरोबर आहे. बाहुलीच्या बाबतीत मात्र ती साफ चुकीची आहे, हे मला फार उशिरा कळले आणि तेही माझ्या भाचीमुळे.

काही वर्षांपूर्वी आम्ही दोघी एका परगावच्या संग्रहालयात गेलो होतो. तिथे कठपुतळ्यांची एक रांग भिंतीला पाठ टेकवून, खिळ्यांनी जखडून मांडली होती. खाली राज्याचे नाव, माध्यम म्हणून 'लाकूड व कापड' आणि अंदाजे काळ एवढीच माहिती होती. भाची बराच वेळ पाहत उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, हिची दोरी कुठे बांधलीय ते दिसतच नाही. मग ही नमस्कार कसा करत असेल?" तिला उत्तर देता येईना, कारण तोपर्यंत मीही बाहुलीचा फक्त चेहरा पाहत आले होते.

उत्तर मिळाले ते उदयपूरला. देवीलाल सामर यांनी १९५२ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय लोककला मंडळात बाहुल्यांचे दालन आहे आणि त्याच आवारातल्या छोट्या नाट्यगृहात कठपुतळीचे खेळही होतात. याच संस्थेने १९६५ साली बुखारेस्टच्या आंतरराष्ट्रीय बाहुली महोत्सवात पहिले पारितोषिक मिळवले होते. खेळ संपल्यावर कठपुतळी खेळवणाऱ्या भाट समाजातल्या एका कलावंतांनी भाचीच्या हातात बाहुली दिली, आणि तिने सगळ्यात आधी ती उलटी केली. कठपुतळीचे डोके, मान आणि धड बहुतेकदा आंब्याच्या लाकडाच्या एकाच तुकड्यातून कोरलेले असते. हात कापडाचे, आत चिंध्या किंवा कापूस भरलेले, आणि पाय नसतातच. त्यांची उणीव घेरदार घागरा भरून काढतो. मुख्य दोरी डोक्यापासून निघून खेळवणाऱ्याच्या बोटांवरून वळते आणि बाहुलीच्या कमरेमागे येऊन बांधली जाते. मध्ये कसलीही लाकडी पट्टी नसते. बोटे थोडी कलली, कमरेकडची बाजू उचलली गेली आणि डोक्याकडची सैल पडली, की बाहुली वाकते. नमस्काराचे सारे रहस्य तिच्या पाठीत होते आणि आम्ही आधी पाहिलेल्या संग्रहालयाने नेमकी तीच बाजू भिंतीकडे केली होती.

चामड्याच्या बाहुल्यांचा प्रश्न याहून अवघड आहे आणि मला तो अधिक विचार करायला लावतो. आंध्रच्या तोलु बोम्मलाट या पडद्यावरच्या छायाखेळातील बाहुल्या कधी कधी माणसाएवढ्या उंच असतात. त्यासाठी बकऱ्याचे कातडे केस काढून, खरवडून, ताणून वाळवतात, ते पारभासी होईपर्यंत पातळ करतात, मग दोन्ही बाजूंनी रंगवतात आणि दागिने, वस्त्रांची नक्षी, मुकुटाची कळी हे सारे बारीक छिद्रे पाडून साकारतात. मध्यभागी बांबूची चिरलेली काडी घालून बाहुलीला कणा देतात. ओडिशाच्या रावणछाया या छायाखेळात याच्या उलट रंग नाही, सांधा नाही, एकसंध कातड्यात पाडलेल्या छिद्रांवरच सारा भर आहे. केरळच्या तोलपावकूत्तू या छायाखेळात पडद्यामागे नारळाच्या अर्ध्या करवंट्यांत एकवीस दिवे लावतात. या सगळ्या बाहुल्या उजेडासाठी आणि उजेडातूनच जन्मलेल्या आहेत. रंग पाठीमागच्या ज्योतीने पेटावा म्हणूनच तो पारदर्शक असतो, आणि समोरून पांढरा प्रकाश टाकून ठेवलेली तीच बाहुली मेणचट, मंद दिसते. पण संग्रहालयाने काय करावे? रंगवलेले कातडे आणि कापड यांवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) जास्त उजेड पडू देऊ नये, असा जतनशास्त्राचा दंडक आहे, कारण उजेडाने रंग उडतात. दमट हवेत कातडे वळते, फार कोरड्या हवेत तडकते. म्हणजे ज्या दिव्यासाठी बाहुली घडली तोच दिवा तिला मारतो. मला वाटते की यावर एकच मार्ग आहे. जुनी बाहुली मंद उजेडात जपावी आणि तिच्या शेजारी आजच्या कारागिराने घडवलेली तिची जुळी बहीण पडद्यामागे, खऱ्या दिव्यासमोर खेळती ठेवावी.

सिंधुदुर्गातल्या कुडाळजवळच्या पिंगुळीत हे फार साध्या पद्धतीने साधले आहे. ठाकर समाजाची कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रे दाखवत कथा गाण्याची चित्रकथी ही परंपरा परशुराम गंगावणे यांनी २००६ मध्ये घराच्या गोठ्यात संग्रहालय उभारून जपली, आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कोकणात गेलेल्या आम्हा बडोदेकरांनी तो गोठा पाहिला तेव्हा मला सर्वात जास्त भावली ती हीच गोष्ट, की मांडणी आणि खेळ यांच्यामध्ये भिंत नाही. जी मंडळी बाहुली दाखवतात तीच ती हातात घेऊन बोलती करतात. चित्रकथीची चित्रेही पोथीतून एकेक पान काढत, गाण्याच्या ओघात दाखवायची असतात. ती चौकटीत बसवली की चित्र उरते, कथी उरत नाही. (जुन्या मराठीत बाहुलीला सायखडे म्हणत. हा शब्द आपल्या बोलण्यातून गेला याची मला खरोखर हळहळ वाटते.)

उदयपूरच्या कलावंतांकडून ऐकलेली आणखी एक गोष्ट मी विसरू शकत नाही. खेळून खेळून झिजलेली कठपुतळी ते कचऱ्यात टाकत नाहीत. प्रार्थना करून तिला नदीत सोडतात आणि ती जितका वेळ तरंगेल तितके शुभ मानतात. दर वर्षी गणपती बोळवणाऱ्या आम्हा मराठी माणसांना यामागचा भाव समजावून सांगावा लागत नाही. मग बाहुली संग्रहालयात ठेवणे म्हणजे तिचे विसर्जन अडवणे नव्हे काय? बराच काळ मी या प्रश्नाशी झगडले. आज माझे मत असे आहे की ज्या घरात पुढची बाहुली घडते आहे, त्या घरानेच आधीची नदीत सोडावी. जिथे घडवणारा हात थांबला आहे, तिथे मात्र शेवटची बाहुली वाचवलीच पाहिजे, आणि तिच्यासोबत पटाशी, रंगाची वाटी, अर्धवट कोरलेले डोके आणि दोरीची गाठही वाचवली पाहिजे.

हे बडोद्यात व्हावे असे मला मनापासून वाटते, कारण या शहराला ते परके नाही. सयाजीराव महाराजांनी संग्रहालय बांधायला घेतले त्याच काळात, १८९० मध्ये, हातांना शिक्षण देणारे कलाभवनही सुरू केले, जिथे पुढे चित्रपटाकडे वळलेले दादासाहेब फाळके शिकले. इथल्या ललितकला विद्याशाखेच्या मेळ्यांसाठी के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारख्या मोठ्या चित्रकाराने खेळणी घडवली. पाहणे आणि घडवणे यांना शेजारी ठेवण्याची ही रीत बाहुल्यांच्या एका दालनालाही लागू करता येईल. काचेची पेटी चारही बाजूंनी उघडी दिसावी, मागे आरसा असावा आणि आठवड्यातून एक दिवस कारागिराने समोर बसून लाकूड तासावे.

उदयपूरहून आणलेली आमची कठपुतळी दांडिया बाजारातल्या घरी खुंटीला लटकत असते. मागच्या महिन्यात तिची दोरी तुटली. भाचीने नवीन दोरी घेतली, आधी कमरेमागे गाठ मारली, दोरी स्वतःच्या बोटांवरून घेतली आणि डोक्यापर्यंत मोजली. पहिल्यांदा ती आखूड झाली, बाहुली ताठ उभी राहिली आणि काही केल्या वाकेना. मग तिने गाठ सोडली, दोन बोटे दोरी वाढवली आणि पुन्हा बांधली.