साहेबांची वही

१९७१ च्या डिसेंबरात, पाकिस्तानशी लढाई चालू असताना, मी पश्चिम आघाडीवर शकरगड सेक्टरमध्ये सॅपरांच्या, म्हणजे सुरुंग काढून वाट करणाऱ्या जवानांच्या, एका फील्ड कंपनीचा क्लार्क होतो. सुरुंग काढणं माझं काम नव्हतं. माझ्याकडे टाइपरायटर होता, रजिस्टरं होती आणि त्या सकाळी साहेबांची ट्रंक आली.

आमचे सेकंड लेफ्टनंटसाहेब आदल्या रात्री गेले होते. वय तेवीस.

रणगाड्यांना वाट करून द्यायची तर सॅपर पोटावर सरकत पुढे जातात. हातात प्रॉडर, म्हणजे टोकदार सळई. ती जमिनीत तिरकी घालायची. उभी घातली तर टोक नेमकं सुरुंगाच्या माथ्यावर बसायचं. डिटेक्टर असतो, पण ज्या सुरुंगात धातू नावापुरताच, तिथे तो गप्प राहतो. मागचा गडी पांढरी फीत अंथरत येतो. रणगाड्यासाठीचा सुरुंग माणसाच्या वजनानं सहसा फुटत नाही, पण आजूबाजूला माणसांसाठीचे छोटे पेरलेले असतात, त्यांना काही किलोंचा दाब पुरतो. हे सगळं अंधारात, थंडीत, वरून तोफा चालू असताना. वाट जवळजवळ मोकळी झाली होती. साहेब फीत तपासायला उभे राहिले आणि शेजारी गोळा पडला. सुरुंगानं नाही, गोळ्यानं गेले, याचाच पोरांना जास्त राग होता.

मेलेल्या माणसाच्या सामानाची यादी करायला फौजेत रीतसर कमिटी बसते. त्याच्या पैशातून आधी मेसचं बिल आणि पलटणीतली देणी भागवायची, उरलेलं वारसांना. नियम चांगलाच आहे, पण त्या तंबूत तो फार कोरडा वाटला. कमिटीचे कॅप्टनसाहेब एकेक वस्तू उचलून सांगत होते, मी टाइप करत होतो. पुलओव्हर, एक. दाढीचं सामान, एक संच. स्लाइड रूल, एक. आईला लिहिलेलं अर्धं पत्र. ते त्यांनी न वाचता घडी घालून पाकिटात ठेवलं.

मग एक छोटी वही निघाली. साहेब मराठी नव्हते, पण कंपनीत आम्ही मराठे बरेच, म्हणून ते मराठी शिकत होते. डाव्या बाजूला देवनागरीत शब्द, उजवीकडे इंग्रजीत अर्थ. हळू. जपून. दम धर. जेवलास का. ‘दम धर’च्या खाली दोन रेघा. अक्षर शाळकरी, काने जरा लांबलेले.

चौथ्या पानावर होतं: च्यायला. आणि समोर अर्थ: शाबास, उत्तम काम.

हे कुणी शिकवलं ते मला पक्कं ठाऊक होतं. कॅप्टनसाहेबांनाही मराठी येत होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. मग आठवलं, दोन रात्रींपूर्वी एका सॅपरनं पहिला सुरुंग सफाईनं उचलला, तेव्हा साहेब त्याच्या कानाशी अगदी मनापासून म्हणाले होते, “च्यायला!” त्या पोरानं मला सांगितलं होतं, की हसू आवरताना हात हलेल या भीतीनं त्यानं ओठ चावून धरला.

आता ही वही घरी जाणार. तिथे कुणी मराठी जाणणाऱ्याला दाखवलं तर? मी विचारलं, “साहेब, ती ओळ खोडू का?”

त्यांनी बराच वेळ पान धरून ठेवलं. बाहेर कोणीतरी जीपचं इंजिन गरम करत होतं.

“काम करणाऱ्या पोराला म्हणायचे ना?”

“जी साहेब.”

“मग अर्थ बरोबर आहे. राहू दे.”

मी टाइप केलं: वही, लहान, वापरलेली, एक. किंमतीच्या रकान्यात रेघ मारली आणि कागद सहीसाठी पुढे सरकवला.