आंब्यावरचं बांडगूळ आणि फुलटोच्या

वाई असो की शिराळा, बांधावरच्या जुन्या आंब्याला एखाद्या फांदीवर जाड पानांचा परका झुपका दिसतोच. तेच बांडगूळ. त्यातून ‘चिक्-चिक्’ असा बारीक, तुटक आवाज आला की समजावं, फुलटोच्या आत आहे. जेमतेम ८ सेंटीमीटरचा, मातकट अंगाचा, फिकट गुलाबी चोचीचा. (पिवळ्या दोऱ्यांची अमरवेल वेगळी, तिचं याच्याशी काही नातं नाही.)

बांडगुळाची नळीदार कळी फुगली की हा चोचीनं तिचं टोक दाबतो. कळी फटकन उघडते, परागकण डोक्याला लागतात. फळ मात्र त्याहून मजेशीर. बी चिकट गरात असतं. फुलटोच्याच्या पोटात किडे दळणारा स्नायुमय कप्पा अन्नमार्गाच्या बाजूला असतो; फळ त्यात न जाता थेट पुढे सरकतं आणि काही मिनिटांत बी अखंड बाहेर पडतं. चिकटपणा तेव्हाही जात नाही, म्हणून पक्षी फांदीला बूड घासून ते पुसतो. बियाला माती लागत नाही. तारेवर पडलं तरी कोंब फुटतो, पण पुढे वाळतो. कोवळ्या सालीवर पडलं तर कोंबाचं टोक चकतीसारखं चिकटतं आणि शोषकमूळ लाकडात शिरतं.

बांडगूळ अन्न स्वतः करतं, पाणी आणि क्षार मात्र झाडाचे घेतं. जत-आटपाडीसारख्या कोरड्या भागात उन्हाळ्यात त्यामुळेच झुपक्यापुढची फांदी वाळते.

नुसता पाला ओरबाडू नका, तो पुन्हा फुटतो. झुपक्याच्या दोन्ही बाजूंना सालीवरून मुळ्या धावतात आणि जागोजागी आत शिरतात. शेवटची मुळी शोधून तिच्याही खाली, बुंध्याकडे, निदान फूटभर सोडून करवतीनं फांदी कापा. बांडगुळाला फळं धरण्याआधीच. कापावर बोर्डोपेस्ट (बुरशीनाशक लेप) लावा: १ किलो मोरचूद ५ लिटर पाण्यात, १ किलो चुना ५ लिटरमध्ये, प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळं कालवून मग एकत्र. लोखंडी पातं बुडवून तांबूस झालं तर चुना वाढवा.

बागेतलंच काढा. सागरेश्वरसारख्या रानातलं राहू द्या, हळदीकुंकू फुलपाखराच्या अळ्या त्याच पाल्यावर वाढतात. पक्ष्याला हुसकून तर काहीच साधत नाही, शेजारच्या बांधावर बांडगूळ असेल तर बी येतच राहणार. म्हणून पुढच्या वर्षी बारीक डहाळ्या तपासा. दोन-चार पानांचं रोप दिसलं तर डहाळीसकट छाटा.